पीक पाहणी

गट नंबर एकशे अठरा, हिस्सा चार, वरकस.
मोबाईल म्हणतो : पिकाचं नाव निवडा.
मी सड्यावरून खाली बघतो.
बावीस गुंठ्यांची उतरण, मध्ये मध्ये कातळ वर आलेला,
आणि गुणाबाय पाष्टे वाकलेली.
कुठल्या पिकात, ते इथून ठरत नाही.

काय लावलंय यंदा?
ती उठत नाही. कंबरेतूनच सांगते :
ह्यी नाचनी. थय वरी. कातलाजवल हरीक,
तिथं दुसरं काय जीव धरत नाय.
बांधाला तूर, मेरेवर कारला.
चिबूड आपला आपन आलाय,
त्याचं नाव माझ्यावर लिवू नको.
आणि ही?
ही पन नाचनीच. पन हलवी. ती वरची गरवी.
दोघींचं पटत नाय, म्हनून लांब लांब.

मिश्र पीक असा एक पर्याय आहे.
तो उघडला की मुख्य पीक विचारतो,
मग टक्के विचारतो,
मग रेंज जाते.
मी नाचणी लिहिलं. फोटो काढला.
फोटोत कारळ्याची पिवळी फुलं आली आणि तिची पाठ.

माझी जमीन खाली, डांबरी रस्त्याला लागून.
एकशे वीस काजू, एका नर्सरीतले,
एका सकाळी लावलेले, दोरी धरून.
मोबाईलला माझं शेत लगेच कळतं.
गेल्या माघात चार दिवस मळभ राहिलं,
ढेकण्या आला, मोहोर करपला,
पहिल्या कलमाचा तसाच एकशे विसाव्याचा.
एकाच्या मनात आलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

दसरा झाला आणि वादळ झालं.
पंचनाम्याला साहेब आले, मी वाट दाखवायला.
गरवी नाचणी आडवी, कणसातच मोड आलेले.
साहेब भला माणूस. कागद बघून म्हणाला,
नाचणी, बावीस गुंठे, शंभर टक्के. आजी, अंगठा द्या.

गुणाबायनं हात पदरात घेतला.
सगली कुठं गेली?
वरी पितरांच्या आधी घरात आली.
हलवी कापून झाली, पोत्यात हाय.
हरीक बघा की, उभा हाय मेला, त्याला काय व्हतंय.
आनि कुलीथ तर अजून मडक्यात.
मडक्यातल्या कुलथाला वारा काय करनार?

साहेबांनी हिशोब केला, पुन्हा केला.
तेहतीस टक्क्यांच्या आत काही बसत नाही, आजी.
ती थोडा वेळ गप्प. पैसे तिलाही हवे होते,
पत्र्याचा एक कोपरा उडाला होता.
मग जेवडी पडली तेवड्याचे द्या, ती म्हणाली.
तेवढ्याला रकाना नव्हता.

उतरताना मी विचारलं,
आणि सगळंच गेलं असतं तर?
गेलंय की. एका साली हरीक तेवडा ऱ्हायला,
तो पन भिजून माजलेला.
खाल्ला, आनि दोन दिस घर गरगर फिरलं,
म्हस पन दोन दिसायची.
मग?
मग परलाला भाव व्हता माझा, गिरनीत.
तो पन येक पीकच. आयेनं येगला लावलेला.

घरी येताना तिनं रुमालात मूठभर बी बांधून दिलं,
सगळं एकत्र. काजूंच्या मधी टाक, म्हणाली,
रांग नको धरू.
रात्री दिव्याखाली पेपर पसरून मी ते निवडायला बसलो,
सवयीनं.
तूर कळली, कारळा कळला, हरीकही.
नाचणीचे मात्र दोन ढीग होईनात.
हळवी कुठली, गरवी कुठली,
नखावर घेऊन पाहिलं, बायकोला दाखवलं.
ती म्हणाली, पेरून बघा.